मोर्शीच्या डोंगराखालची टाकी

वऱ्हाडात जाऊन आले म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न ठरलेला: "ऊन फार असेल ना?" मी माघात गेले होते. सकाळी स्वेटर घालावा लागत होता आणि दुपारी सावलीत बसलं तर डुलकी लागत होती. पण ऐकणाऱ्याला ऊनच ऐकायचं असतं, म्हणून मी आता "हो, फार" म्हणून मोकळी होते. माझ्या डोक्यात जे तापलंय ते उन्हानं तापलेलं नाही. ते कशानं तापलंय ते तिकडे कधी न गेलेल्यांसाठी एकदा लिहून काढते, म्हणजे भेटेल त्याच्यावर डाफरायला नको.

मी आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर पुण्याच्या एका मोठ्या संशोधन संस्थेनं मला दोन जणांच्या समितीवर घेतलं. अध्यक्ष संस्थेतलेच एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ, ज्यांना सगळे डॉक्टरसाहेब म्हणतात, आणि दुसरी मी. काम काय, तर अमरावतीच्या एका कॉलेजनं संस्थेच्या अनुदानातून मरणाऱ्या ताऱ्याची चाहूल घेणारी एक टाकी बनवली आहे, ती बघून यायचं आणि तिला यापुढे पाठिंबा द्यावा की नाही ते सांगायचं.

टाकीचं थोडक्यात सांगते. मोठा तारा मरतो तेव्हा आतून कोसळतो. त्याचा उजेड थरांतून वाट काढत बाहेर यायला कित्येक तास जातात, पण न्यूट्रिनो नावाचे कण तेवढ्यात पुढे निघून आलेले असतात. ते तुमच्याआमच्यातून, भिंतीतून, डोंगरातून आरपार जातात आणि कुणाला पत्ता लागत नाही. त्यातला एखादाच स्वच्छ पाण्यात धडकतो आणि निळसर उजेडाची बारीकशी चमक उठते. ती चमक काचेच्या फोटोट्यूबनं टिपली, तर दुर्बिणवाल्यांना आधीच सांगता येतं की तयार राहा, तारा गेला. परदेशात यासाठी डोंगराएवढ्या पाण्याच्या टाक्या आहेत. अमरावतीकरांनी गच्चीवर असते तसली काळी प्लास्टिकची टाकी घेतली, जरा थोरली.

अकोला

रंजना तायडे मला घ्यायला अकोला स्टेशनवर आली होती. टाकी तिची. चाळिशीतली, उंच, चालताना मागे वळून न बघणारी बाई. फोनवर माझ्याशी छापील मराठीत बोलायची. प्लॅटफॉर्मवर बॅग माझ्या हातून ओढून घेत म्हणाली, "या मॅडम, लय वाट पाह्यली तुमची. नाश्ता करून घेऊ अन् मंग पान्याकडे जाऊ."

नाश्त्याला पोहे. गाडीवाल्यानं विचारलं, "सांबार टाकू का?" पोह्यांवर सांबार! मी घाईघाईनं नको म्हणाले. मग रंजनाच्या बशीत हिरवीगार कोथिंबीर आणि माझे पोहे बोडके. इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात हे मला साठी उलटल्यावर कळलं. रंजना इतकी हसली की आमची ओळख तिथंच पक्की झाली.

पाण्याकडे म्हणजे पूर्णेच्या काठच्या गावात. हा सगळा खारपाणपट्टा. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागतं पण खारट लागतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पिढ्यान् पिढ्या माणसं ते पाणी पीत आली आणि मूत्रपिंडाचे आजार सोसत आली. आता गावोगावी पाणी गाळायची यंत्रं आहेत आणि लोक जार विकत आणतात. अशाच एका जारवाल्याकडे, वासुदेवरावांकडे, आम्ही गेलो. टाकीचं पाणी त्यांनी पुरवलं होतं.

"तुमच्या पुन्यात नळाचं पानी तसंच पेतात म्हन्ते," ते मला म्हणाले. "नशीब लागते जी."

"पाणी इतकं स्वच्छ लागणार हे तुम्हाला आधी माहीत होतं?" मी विचारलं.

"मले काय मालूम? ह्या ताईनं सांगतलं का ह्या पान्याच्या आरपार काजव्याचा उजेड दिसला पायजे. मी म्हनलं, पाहू. यायच्या कॉलेजची अजून एक गाळनी लावली, चारदा परत पाठवलं यायनं पानी. पाचव्या वक्ताले मीच चिडलो. म्हनलं, बाई, तारा पानी पेनार हाये का?"

रंजना बाजूला उभी राहून हसत होती. पण परतताना गाडीत म्हणाली, "मॅडम, खाऱ्या पान्यावरून आमच्याइकडे पोरींची सोयरीक मोडते. त्या गावात पोरगी देत नाईत. त्याच गावचं पानी मी ताऱ्यासाठी निवडलं. मुद्दाम." मला ते ऐकून बरं वाटलं आणि रागही आला. गोड पाण्यासाठी माणसाला पैसे मोजावे लागतात आणि आपण त्याचं कौतुक करत बसतो.

अमरावती

माझी उतरायची सोय राजापेठेत होती. खिडकीतून समोर पाहावं तर एकावर एक ट्यूशन क्लासचे फलक, आणि प्रत्येक फलकावर डॉक्टर-इंजिनिअर झालेल्या मुलांचे फोटो. खाली दुचाक्यांची अशी गर्दी की रस्ता ओलांडायला मी एका गिलावडेवाल्याचा आधार घेतला. त्यानं आधी रस्ता ओलांडून दिला आणि मग गिलावडा खायला लावला. दह्यात बुडालेला, वर तिखट-गोड. आमच्या दहीवड्याचा हा धाकटा पण जास्त बेधडक भाऊ.

डॉक्टरसाहेब नागपूरला विमानानं उतरून गाडीनं आले होते. कॉलेजात शिरल्यापासून त्यांच्या तोंडी एकच शब्द: "इथे?" इथे इंटरनेट चालतं? इथे हे सोल्डरिंग कुणी केलं? इथे वीज राहते?

"राहते ना सर," रंजना म्हणाली. "तुमी येनार म्हनून आज खास बोलावली."

साहेबांना विनोद कळला नाही. त्यांनी परीक्षा जाहीर केली. त्यांच्याकडे एक छोटा दिवा होता. तो टाकीत सोडायचा, आणि ते पुढच्या दोन दिवसांत कधीतरी, कुणाला न सांगता, फोनवरून तो असा लुकलुकवणार की जणू खरोखरच न्यूट्रिनो आले. टाकीला ते कळून आमच्या सगळ्यांच्या फोनवर सूचना आली तर पास. ही पद्धत जगभर वापरतात, त्यात गैर काही नव्हतं.

"चालते," रंजना म्हणाली. "तुमच्या दोघांचे नंबर टाकून ठेवतो. खबर येईन तुमाले."

मी "बरं" म्हटलं. साहेबांनी मान हलवली. त्या 'खबर' शब्दाकडे आम्ही दोघांनी नीट लक्ष दिलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

मोर्शी

मोर्शीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. झाडं बुटकी, फळांनी वाकलेली, आणि फांद्यांना बांबूचे टेकू. बाग संपते तिथं सातपुड्याची पहिली टेकडी सुरू होते, आणि तिच्या पोटात एक बोगदा. कालव्यासाठी खोदायला घेतला आणि निम्म्यात सोडून दिला. कालवा आला नाही, पाणी आलं नाही. बागवाले त्याला मुका बोगदा म्हणतात, कारण त्याला दुसरं तोंड नाही.

रंजनाच्या कामाचं मोल मला तिथं आत गेल्यावर कळलं. आकाशातून सारखा कणांचा पाऊस पडत असतो आणि उघड्यावर ठेवलेल्या टाकीला त्याच्या गोंगाटात काही ऐकू येत नाही. डोक्यावर डोंगर हवा. डोंगर खोदणं हाच अशा यंत्रांचा खरा खर्च. सरकारनं वाऱ्यावर सोडलेला बोगदा तिला फुकट मिळाला. शिवाय हा काळा पाषाण. ग्रॅनाइटपेक्षा याच्यातून किरणोत्सर्ग फार कमी निघतो. दगड शांत, पाणी स्वच्छ, अंधार पक्का. आत टाकी उभी होती, आणि तिच्या आतल्या चार फोटोट्यूबना सगळे 'डोये', म्हणजे डोळे, म्हणत होते. एकेक डोया नारळाएवढा.

बाहेर झाडाखाली रंजनाच्या सहकाऱ्यांनी गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले होते. फोडलेला रोडगा, त्यावर तूप, आणि वांग्याची भाजी अशी की डोळ्यांतून पाणी यावं. साहेब डब्यातलं सँडविच खात होते.

"मुळात," ते म्हणाले, "एवढ्याशा टाकीला दिसणार काय? आकाशगंगेच्या पलीकडच्या टोकाला तारा फुटला तर यात दोन-तीन कण पडतील. पडले तर."

"मान्य हाये सर," रंजना म्हणाली. "दूरच्यासाठी ही टाकी नाईच. ही जवयच्यासाठी. मृगातला थो तांबडा म्हातारा तारा, काक्षी घ्या. थो गेला तं ह्याच टाकीत हजारांनी पडतीन. अन् मोठ्या टाक्यायले तवाच अडचन येते. इतके कन एकदम आले का त्यायचं मोजनं तुंबते. गावात वरात मोठी आली का मोठ्या दरवाज्यातच चेंगराचेंगरी होते. लहान्या दरवाज्यातून सुरळीत येतात."

मी खात होते ती थांबले. हा मुद्दा खरा आहे. अतिजवळच्या ताऱ्यासाठी मोठ्या यंत्रांना हीच चिंता असते, आणि त्यावर स्वस्त, छोट्या टाक्या जागोजागी ठेवणं हे चोख उत्तर आहे. साहेबांना ते माझ्याहून जास्त माहीत असणार. ते फक्त "हं" म्हणाले आणि सँडविचचा कागद घडी घालून ठेवला. मी त्यांना रोडगा पुढे केला. तेल-तूप नको म्हणाले. रोडग्यात तेल नसतं.

खबर

दुसऱ्या दिवशी सकाळी राजापेठेत मी चहा घेत असताना अनोळखी नंबरावरून मेसेज आला: "मामा सिरियस हायेत. लवकर या. मोर्शी."

मोर्शी म्हणजे रंजनाचेच मामा! मी तिला फोन लावला, लागेना. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून कोपऱ्यावरून डझनभर संत्री घेतली. मोर्शीच्या माणसाला पुण्याची बाई संत्री नेत होती, पण त्या घाईत हे कुठलं सुचायला! रिक्षा करून तिच्या अमरावतीतल्या घरी पोचले. दार तिच्या आईनं उघडलं.

"मामांचं कळलं," मी दबक्या आवाजात म्हणाले. "कसे आहेत?"

"कोनता मामा?"

"रंजनाचे."

"थो? थो तं आत्ताच पोहे खाऊन बजारात गेला. काहून, का केलं त्यानं?"

तेवढ्यात रंजना केस पुसत बाहेर आली, माझ्या हातातली संत्री पाहिली, माझा चेहरा पाहिला, आणि आनंदानं ओरडलीच, "आली का खबर? तुमाले आली? म्हन्जे टाकी पास झाली ना मॅडम!"

मग उलगडा झाला. ताऱ्याची सूचना तिनं त्याच शब्दांत लिहून ठेवली होती. काक्षी म्हणायला कॉलेजातल्या मुलांची जीभ वळेना, चांदोबा मामा तर ताराही मामा, असं करत सगळे त्याला मामाच म्हणू लागले होते.

"पण सरळ तारा फुटला असं का नाही लिहिलं?" मी अजून धापा टाकत होते.

"आमच्या घरी फोनवर कोनी गेला असं सांगत नाई मॅडम," तिची आई म्हणाली. "ऐकनारा रस्त्यात गाडीवर असते, त्याचे हातपाय गळतात. सिरियस हाये, लवकर या, इतकंच म्हना लागते. समजनारा समजते."

"अन् शास्त्रात बी तेच हाये ना," रंजना म्हणाली. "एकट्या आपल्या टाकीनं तारा मेला म्हनू नाई. दुसऱ्या देशातल्या यंत्रायची साक्ष येईपर्यंत थो सिरियसच."

मी हसले, मग डोळे पुसले, मग आईंनी तीच संत्री सोलून मला खायला घातली. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. टाकीनं काम केलं होतं. डोंगराखाली, मुक्या बोगद्यात, खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात दिवा लुकलुकला आणि ते राजापेठेतल्या माझ्या चहाच्या कपापर्यंत पोचलं.

दुपारी कॉलेजात बैठक झाली. साहेबांनी घसा साफ केला. "मला वाईट वाटतं. सकाळी नाश्त्याच्या वेळी मी सिग्नल दिला होता. सूचना आली नाही. यंत्र नापास आहे."

"तुमचा फोन बघा," मी म्हणाले. "मामांचा मेसेज."

त्यांनी पाहिला. आला होता. त्यांनी तो फसवणुकीचा समजून नंबर ब्लॉक केला होता. रोज येतात असे मेसेज, अमुक नातेवाईक आजारी, पैसे पाठवा. ठीक आहे, मलाही तो खराच वाटला होता, चूक कुणाचीही होते. माणसानं अशा वेळी हसावं आणि पास म्हणून टाकावं. पण साहेबांचा चेहरा आक्रसला.

"असल्या भाषेत सूचना देणारं यंत्र आंतरराष्ट्रीय जाळ्यात बसणार कसं? हा पोरखेळ आहे."

"मजकूर आत्ता बदलते सर," रंजना म्हणाली. भेटल्यापासून ती पहिल्यांदाच छापील मराठीत बोलत होती. "एका ओळीचं काम आहे."

"प्रश्न ओळीचा नाही, शिस्तीचा आहे. आराखडा चांगला आहे, यात वाद नाही. म्हणूनच तो योग्य देखरेखीखाली हवा. टाकी आणि ट्यूब आमच्या संस्थेत हलवाव्यात अशी शिफारस मी करतोय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नापास यंत्र कुणी आपल्या घरी नेतं का? आणि आराखडा चांगला आहे तर तो करणारी बाई देखरेखीला अयोग्य कशी? याला माझ्या आजोळी आयत्या बिळावर नागोबा म्हणत.

"तुमच्या संस्थेत डोंगर कुठे आहे?" मी विचारलं.

"तळघर आहे."

"गाड्या लावायचं?"

"ते बघता येईल."

"डोंगर बघता येईल? मागवणार आहात?" माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. "सगळं जिथं आहे तिथून उचलून जिथं काहीच नाही तिथं नेणार, का, तर तिथं तुमची खुर्ची आहे!"

रंजना माझ्या शेजारी बसून हातातलं पेन नुसतं उघडत-मिटत होती. ती उठली आणि एकच विचारलं: "सर, टाकी रस्त्यात असतांना तारा गेला तं?"

साहेब हसले. "चारशे वर्षं आपल्या आकाशगंगेतला तारा फुटताना कुणी पाहिला नाही. महिनाभरात काय होतंय?"

हे एका खगोलशास्त्रज्ञाचं वाक्य आहे. ज्याची वाट बघण्यात पिढ्या जातात त्याच्या पहाऱ्यावरचा माणूस उठवताना तो म्हणतो, आत्ताच काय होतंय. अध्यक्षांचं मत वरचढ धरायचं असा नियम होता. माझं विरोधी मत मी सविस्तर लिहून दिलं, आणि ते परिशिष्टात गेलं.

टाकी रिकामी करायच्या दिवशी मी मोर्शीत थांबले नाही. रंजनानं येऊ नका म्हणून सांगितलं. पाणी तिनं संत्र्यांना सोडलं, एवढं नंतर फोनवर कळलं.

पुणे

दीड-दोन महिन्यांनी मी संस्थेत गेले. टाकी कुठं बसवली ते बघायचं होतं. कुणाला नीट सांगता येईना. शेवटी एका शिपायानं कँटीनच्या मागे नेलं. टाकी तिथं होती. तिला खाली तोटी बसवली होती आणि एक बाई त्या पाण्यावर खरकटे टोप घासत होती. तिचा काय दोष? तिला पाणी हवं होतं आणि कुणीतरी टाकी आणून ठेवली होती.

मी तिथं उभी राहून रडले. रागानं रडले, हे स्पष्ट लिहिते. मग भांडारात गेले. चारही डोये थर्माकोलमध्ये जसेच्या तसे पडून होते. खोकी उघडलेलीसुद्धा नव्हती. भांडारपाल म्हणाले, "नोंद व्हायची आहे अजून. साहेब जपानला गेलेत."

"मी समितीची सदस्य आहे," मी म्हणाले. "तपासणीसाठी नेते." आणि ठळक अक्षरांत, पूर्ण नावानं सही केली.

अमरावतीच्या गाडीत एक खोकं मांडीवर, एक पायाशी आणि दोन बाकाखाली असा माझा प्रवास झाला. शेजारच्या बाईंनी विचारलं, काचसामान आहे का? मी हो म्हणाले आणि त्यांनी आपली पिशवी लांब सरकवली. पहाटे अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला रंजना उभी होती. तिनं खोकी मोजली नाहीत, माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. स्टेशनबाहेर वासुदेवरावांचा टेम्पो होता, त्यात नवी काळी टाकी आडवी बांधलेली.

"पानी उद्या आनतो," ते म्हणाले. "ह्या वक्ताले एकदाच. मी बी शिकलो आता."

गेल्या आठवड्यात मला संस्थेचं पत्र आलं. भाषा कडक आहे. सदर चार फोटोट्यूब आपण तपासणीसाठी नेल्याचे दिसते, त्या परत केल्याचे दिसत नाही, तरी त्यांची सद्यःस्थिती तात्काळ कळवावी, अन्यथा कारवाई. मी चार पानांचं उत्तर लिहिलं. डोंगर, पाणी, रंजना, कँटीन, सगळं लिहिलं. मग ते फाडून टाकलं आणि पोस्टकार्डावर दोन शब्द लिहून पाठवले: "वापरात आहेत."